घशातला भाऊ

नववीपर्यंत माझा आवाज चारचौघींसारखा होता. मग एका हिवाळ्यात सर्दी झाली, सर्दी गेली आणि जाताना आवाज घेऊन गेली. त्याच्या जागी जो आला तो पुरुषाचा होता. पोक्त, भरदार, सकाळी सकाळी जरा खरखरीत. आईनं हळद-दूध दिलं, ज्येष्ठमध दिलं, कुणीतरी सांगितलं म्हणून कुलिंजन चघळायला लावलं. काही उपयोग नाही. आला तो राहिलाच.

शाळेत प्रार्थना सुरू झाली आणि पीटीचे सर ओरडले, "कोन पोट्टा हाय रे तो पोरींच्या लायनीत?" सगळ्या लायनी वळल्या. मी तेव्हा रडले. रडण्याचा आवाजही पुरुषाचाच निघाला, म्हणून मग रडणंही बंद केलं.

आई मला घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी घशात आरसा घातला, रक्त तपासलं, कागद पाहिले आणि म्हणाले, "सगळं बरोबर हाय. मुलगीच हाय, शंभर टक्के. स्वरतंतू जाड हायत, बस."

"मंग लग्नाचं कसं वो?" आईनं विचारलं.

"लग्न काय घशासोबत करते का कोनी?"

डॉक्टर बिचारे साधे होते. आमच्या आदिलाबादच्या मराठी लोकांत लग्न घशासोबतही होतं. पुढं मला पाहायला आले ते सगळे पाहून नाही, ऐकून गेले. पोहे खायचे, फोटोपेक्षा पोरगी उजळ आहे म्हणायचे, आणि मी "साखर किती?" विचारलं की कप हातातच राहायचा. मला त्याचं फार वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. एकाचं वाटलं. बाकीचे गेले ते बरंच झालं, त्यातल्या दोघांची टक्कलं मी पुढं बाजारात पाहिली.

मी प्राणिशास्त्र शिकले आणि इथंच एका ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागले. दरवर्षी इंटरची नवी पोरं पहिल्या तासाला हसतात. मी हसू देते. मग फळ्यावर एक्स आणि वाय लिहिते आणि सांगते, की बाबांनो, निसर्ग फार थोडं देतो. मला त्यानं दिला फक्त आवाज. बाकीचं लोकांनी आपल्या पदरचं जोडलं. फोनवर मला कधीही न पाहिलेल्या माणसांनी मला मिशी दिली, सहा फूट उंची दिली, अक्कल दिली. अक्कल तर जरा जास्तच दिली.

हे जोडकाम मला आमच्या घरानं शिकवलं. आवाज फुटायच्या आदल्या वर्षी बाबा गेले होते. घरात आई, मी आणि दोन वर्षांची धाकटी. आई अंगणवाडीत शिकवायची आणि तिला एकच भीती होती, ती म्हणजे घरात माणूस नाही हे बाहेर कळायची. गल्लीला माहीत होतंच. पण गल्लीबाहेरचं कोणी दारावर आलं की आई आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणायची, "खोक." आणि मी खोकायची. दाराबाहेरचा माणूस एक पाऊल मागं सरायचा. दहावीचा अभ्यास मी असा खोकत खोकत केला.

मग फोन आले आणि खोकला मागं पडला. कूलरची मोटर गेली तर मिस्त्रीला फोन मी करायचा, पाण्याचं फिल्टर बिघडलं तर मी, गॅसवाला मी, घरमालक मी. हिंदीतले मला भाईसाब म्हणायचे, तेलुगूतले सार. "चेप्पंडी सार, वस्तानु सार, ईरोजे वस्तानु." सांगा सर, येतो सर, आजच येतो. एकदा मला तत्त्वाचा झटका आला. मी मिस्त्रीला म्हटलं, मी सार नाही, मॅडम आहे. तो म्हणाला, "रेपु अम्मा, रेपु." उद्या. तो उद्या काही येईना. मे महिना, इथलं ऊन, कूलर बंद. शेवटी आईनं दुसऱ्या मिस्त्रीचा नंबर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आता तोंडानं तत्त्व काढू नको. नुसतं बोल." मी नुसतं बोलले. तो संध्याकाळी आला, दार मी उघडलं, तर म्हणतो, "सार कहाँ है?" म्हटलं बाहेर गेले. सार नेहमीच बाहेर गेलेले असायचे.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. मग धाकटीचं लग्न निघालं.

धाकटी शाळेत शिकवते. बँकेतल्या एका मुलाशी तिचं जमलं होतं. मुलगा सज्जन, डोळ्यांनी बोलणारा, बापासमोर मात्र आवाज चिमणीएवढा. दोघांनी ठरवलं की घरच्यांना वाटू द्यायचं, स्थळ रीतसर आलं. तसं ते मध्यस्थाकडून आलं आणि एका रविवारी माझा फोन वाजला.

"हॅलो, मी इचोड्याहून बोलून राह्यलो. मुलीचे भाऊ का?"

मुलाचे वडील. तहसील कचेरीतून रिटायर झालेले, त्यामुळे फोनमध्ये इतक्या मोठ्यानं बोलायचे की स्पीकर लावायची गरज नव्हती. समोर आई मेथी निवडत होती. तिनं मेथीसकट दोन्ही हात जोडले आणि मान हलवली.

मी म्हटलं, "हं. बोला काका."

"बरं वाटलं भाऊ आवाज ऐकून. आमाले कोनी सांगतलं होतं का बिनामानसाचं घर हाय. तसं घर आमाले चालत नाई, साफ सांगतो. उद्या काई कमी-जास्त झालं तर बोलाव कोनासोबत? बायांसोबत?"

आतल्या दाराशी धाकटी उभी होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो. तिनं मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "अक्का, हा नाही तर कोणीच नाही." म्हणजे आता सगळं माझ्या घशावर आलं. मी म्हटलं, "बरोबर हाय काका तुमचं. बोला, काय बोलायचं ते माझ्यासोबत बोला."

यात एक शब्द खोटा आहे का, तुम्हीच सांगा.

त्यानंतर काका आणि भाऊ यांचं जे जमलं ते काय सांगू. काका रोज फोन करायचे. हॉल कुठला, जेवणात पुरणपोळी की बुंदी, मुलाकडची किती माणसं. मी जिथं अडवायचं तिथं अडवलं, जिथं सोडायचं तिथं सोडलं. काका म्हणायचे, "भाऊ, तुमच्यासोबत बोललं का मामला सुटते." मग त्यांची गुडघेदुखी आली, मग शेजाऱ्याशी बांधाचा तंटा आला, मग थोरली सून बोलत नाही हे आलं. मी म्हटलं, काका, तुम्हीच आधी बोला तिच्यासोबत. ते बोलले. सून बोलली. झालं, भाऊ देवमाणूस ठरला. मलाही तो आवडायला लागला होता. शांत होता, माझ्यासारखा तिरसट नव्हता.

मग ते मुलगी पाहायला आले.

आईनं बेत केला की भाऊ हैदराबादला ड्यूटीवर आहे आणि मोठीचा घसा बसला आहे. मला सक्त ताकीद, तोंड उघडायचं नाही. मी चहाचा ट्रे घेऊन मुकाट बाहेर आले. नवरदेवाची आई मायाळू बाई, मला जवळ बसवून म्हणाली, "अवं माय, काय झालं वं घशाले?" आणि तिनं मला मिठाच्या गुळण्या, हळद, लवंग असं सगळं सांगितलं. मी माना डोलावल्या. नवरदेव खाली बघून पोह्यातले शेंगदाणे मोजत होता, कारण त्याला सगळं माहीत होतं आणि हसू दाबायला दुसरा उपाय नव्हता.

तेवढ्यात काकांना उमाळा आला. "सगळे हायत, आपले भाऊच नाई. थांबा, लावतो त्याइले."

माझा फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर होता. तो तिथं खणखणून वाजायला लागला. आई एकदम ओरडली, "कुकर!" कुकर गॅसवर नव्हताच. मी ट्रे ठेवून धूम ठोकली, फोन उचलला आणि मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाआड बसले.

"हं काका, ड्यूटीवर हाय."

"भाऊ, लय आठवन येऊन राह्यली तुमची! पोरगी पसंत हाय आमाले."

"लय बरं झालं काका."

"आवाज काय साफ येऊन राह्यला हो आज! जसं काई घरातूनच बोलून राह्यले. आमच्या इचोड्याले असं नेटवर्कच नाई."

मी परत आले तेव्हा माझ्या परकराला साबणाचं पाणी लागलं होतं आणि नवरदेव ठसका लागल्याचं सोंग करून बाहेर गेला होता. धाकटी हसत होती की रडत होती कळेना. पसंती झाली. आई देवापुढं साखर ठेवून आली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ किती दिवस झाकणार? पंधरवड्यात काकांचा फोन आला. "भाऊ, आता कानपिळीले तुमी पाह्यजे बरं का. सुट्टी टाकून ठेवा. माह्या पोराचा कान तुमीच पिळायचा, दुसरं कोनी चालत नाई."

आमच्याकडे लग्न लागताना नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट ठेव, नाहीतर बघ, असा त्याचा अर्थ. सगळे हसतात, भावाला मान मिळतो. आणि हे फोनवरून होत नाही.

आईनं रातोरात उपाय काढला. मामाचा मुलगा. छाती ही एवढी, मिशा पीळ दिलेल्या, जिमला जातो. फक्त तोंड उघडलं की चिमणी चिवचिवते. आई म्हणाली, "त्याले सांगू, बोलू नको. तुहा जसा घसा बसला होता तसा त्याचा बसला."

आणि माझं डोकं फिरलं.

"काऊन?" मी म्हटलं. "सगळं बोलली मी, ऐकलं मी, काकांचे गुडघे सांभाळले मी, आणि मानाला तो? त्यानं धाकटीला कधी एक फोन तरी केला का? मिशा हायत म्हणून?"

"अवं पोरी, तुले समजत नाई. तुह्या बहिणीचं मोडीन."

मला समजत होतं. तेच तर वाईट होतं. मला रडू आलं आणि या वेळी मी ते दाबलं नाही. घर दणाणून गेलं. मग मी तोंड धुतलं, काकांना फोन लावला आणि सांगून टाकलं, "काका, मी भाऊ नाही. मुलीची मोठी बहीण हाय. घसा बसलेली."

काका पोट धरून हसले. "भाऊ, तुमी लय मजाकी हा बरं!"

"खरंच सांगते काका. मी बाई आहे."

"हाव न, आन मी गर्भार हाय!"

जितकी शपथ घ्यावी तितका माझाच आवाज माझ्याविरुद्ध साक्ष देत होता. शेवटी त्यांनी हसत हसत फोन ठेवला, वर बायकोला म्हणताना ऐकू आलं, "भाऊ आज मूडमंदी हाय."

दुसरा मार्गच उरला नाही. मी आईला न सांगता इचोड्याची बस धरली. बायकांना बस फुकट आहे, पण मागून "एक इचोडा" म्हटलं तर कंडक्टरनं न बघताच पैशाचं तिकीट फाडलं. मग वळून बघितलं, आधार कार्ड बघितलं, परत मला बघितलं आणि खजील होऊन झिरो तिकीट दिलं. म्हटलं चला, सरकारदरबारी तरी मी बाई आहे.

काकांचं घर हायवेजवळ, टायरच्या दुकानांच्या मागं. काका ओसरीत पेपर वाचत होते. "या या, बाई! घसा बरा झाला का?"

"झाला काका," मी म्हटलं.

पेपर खाली आला. आतून काकू हात पुसत, पदर सारखा करत लगबगीनं आल्या, "भाऊ आले का वो?" आणि ओसरीभर भाऊला शोधायला लागल्या. बाहेर एक ट्रक हॉर्न देत गेला.

मी सगळं सांगितलं. मिस्त्री, खोकला, मेथी, धुण्याचा दगड, सगळं. काकांचा चेहरा तांबडा होत गेला.

"म्हंजे ही फसवनूक झाली," ते म्हणाले. "सरळ सरळ फसवनूक. बिनामानसाचं घर हाय तुमचं."

"तुमी रोज मग कोणासोबत बोलून राह्यले होते?" मी म्हटलं. "सूनबाईसोबत कोणी बोलायला लावलं? गुडघ्याला तेल कोणी सांगितलं? त्यात आता काय बदललं काका? मी तीच हाय. फक्त मिशा तुमी लावल्या होत्या, त्या तुमीच काढा."

हे बोलले आणि मला वाटलं, संपलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. धाकटीचा संसार मी माझ्या तिरसटपणापायी घालवला. काका उठले आणि आत गेले. दार लागलं.

मी चपला शोधायला लागले, तेवढ्यात माझा फोन वाजला. काकांचाच.

"हं, भाऊ," भिंतीपलीकडून आणि फोनमधून दोन्हीकडून आवाज आला.

मी बसले. "बोला काका."

"एक मसला हाय. मुलीची मोठी बहीन आली हाय घरी. म्हंते, भाऊ नाहीच. तुमाले काय वाटते, हा रिश्ता ठेवाव का मोडाव?"

काकू माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. मी नीट विचार करून म्हटलं, "मोडायचा असेल तर आजच मोडा काका, पत्रिका छापायच्या आधी. ठेवायचा तर मनापासून ठेवा. पोरगी लाखात एक हाय. तिच्या बहिणीची जीभ जराशी तिखट हाय."

"जराशी?"

"बरं, लय."

"आन उद्या काई कमी-जास्त झालं तर?"

"मी हाय न काका."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "हाव. हे बाकी खरं हाय."

दार उघडलं. काका बाहेर आले, माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाले, "बाईले चहा दे." निघताना मात्र पायरीवर थांबून पुटपुटले, "कानपिळीचं तेवढं मामाच्या पोराकडून करून घ्या. भाऊबंद राह्यतीन, लोकं हासतीन. बाकी सगळं मंजूर." मी मान हलवली. धाकटीचं लग्न वाचलं होतं, त्यापुढं कान काय? पण बसमध्ये मला तो कान फार लागला, हे कबूल करते.

लग्नाच्या दिवशी हॉल गच्च. बँड आत घुसला होता, पोरं नाचत होती, होमाचा धूर, आणि भटजी घसा फोडून ओरडत होते, "वधूचे बंधू! वधूचे बंधू कोण?" मामाचा मुलगा फेटा बांधून कोपऱ्यातून चिवचिवत होता, "मी हाय, मी हाय," आणि त्याच्या शेजाऱ्यालाही ते ऐकू जात नव्हतं. मुहूर्ताची घाई, भटजी घामाघूम, धाकटी वळून वळून मलाच शोधत होती. मी तिच्या पाठीशीच उभी होते. मला राहवलं नाही.

"बंद करा तो बँड! आणि गप्प बसा सगळे!"

हॉल गार पडला. भटजींनी लाह्या मोजता मोजता, मान वर न करताच म्हटलं, "हां, या भाऊ, असे समोर बसा. धरा कान." मी बसले. मग त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा हात लाह्यांत तसाच राहिला. सगळ्या माना काकांकडे वळल्या. काकांनी आपल्या भाऊबंदांकडे पाहिलं, फेटा सारखा केला, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "धरा भाऊ, धरा. मुहूर्त चालला."

मी नवरदेवाचा कान धरला. मुलाकडची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अवं माय, हिचा आवाज तं मानसासारखा हाय!"

माझी आई पलीकडे अक्षता घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मानसासारखा नाई बाई. तिच्या बापासारखा हाय."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. बाबांचा फोटो आमच्या घरात आहे, आवाज कुठंच नाही, मी तो विसरून गेले होते. आईनं डोळ्याला पदर लावला होता. ही बाई मला दिवसभर घरात का बोलायला लावायची, स्वतः एक फोन का करायची नाही, ते मला तिथं धुरात बसून कळलं. धाकटीनं माझ्याकडे मान वळवली. बाबा गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली, जणू मी आणखी काहीतरी बोलावं म्हणून.

नवरदेव वाकल्या मानेनं, अगदी हळू म्हणाला, "अक्का, कान."